आधी तराजू खोटा, मग त्यातलंच वजन खरं

एक मजकूर गेल्या काही महिन्यांत मला चार जणांनी पाठवला. दोघांनी ‘हे खरं का?’ असं विचारून, एकाने ‘आता बोला’ म्हणून, आणि एकाने काहीच न लिहिता, जे सगळ्यात वाईट. मजकूर लांबलचक आहे, पण मुद्दे सातच आहेत. ते असे.

समुद्राचं लाखो वर्षांपूर्वीचं तापमान सांगणारे शास्त्रज्ञ प्रत्यक्षात चिखलातले सूक्ष्म शिंपले मोजतात. तेव्हा थर्मामीटर नव्हता, म्हणून हे सगळे अंदाज. एकाच आकड्यातून तापमानही काढतात आणि बर्फही, म्हणजे हवा तो अर्थ. समुद्राची आम्लता ज्या बोरॉनवरून सांगतात ते कवचात इतकं नगण्य असतं की प्रयोगशाळेतली धूळही त्याला भारी पडावी. कवचं कोट्यवधी वर्षं पडून बदलतात. जिवंत प्राणी म्हणजे मोजमापाचं यंत्र नव्हे. गाळाची वयं आधी गृहीत धरतात आणि मग सिद्ध केल्याचा आव आणतात. आणि शेवटचा मुद्दा, ज्याच्यासाठी आधीचे सहा लिहिले असावेत: पाच कोटी वर्षांपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड १४०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत १४०० भाग, होता, तरी जीवसृष्टी बहरली, मग आजच्या सव्वाचारशेचा बाऊ कशाला?

मी शेवटापासून सुरुवात करते. पाच कोटी वर्षांपूर्वीची हवा कोणी बाटलीत भरून ठेवलेली नाही. अंटार्क्टिकातल्या बर्फात खोल छेद घेऊन काढलेल्या सलग गाभ्यांमधले, म्हणजे लांब दंडगोलांमधले, हवेचे बुडबुडे आपल्याला ८ लाख वर्षांपर्यंतच मागे नेतात. मग १४०० हा आकडा आला कुठून? एलेनी अनाग्नोस्टू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या कामातून. त्यांनी टांझानियातल्या जुन्या चिकणमातीतून सूक्ष्म कवचं वेचली, त्यांतल्या बोरॉनची समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजली आणि त्यावरून हा आकडा काढला. सोबत ‘४७० इकडे किंवा तिकडे’ अशी अनिश्चितताही दिली. ती मजकुरात येताना वाटेत कुठेतरी गळाली.

म्हणजे सहा मुद्द्यांत तराजू खोटा ठरवायचा आणि सातव्यात त्याच तराजूतलं वजन ठणकावून सांगायचं. दोन्ही एकदम करता येत नाही. अर्थात, लिहिणाऱ्याची विसंगती दाखवली म्हणून तराजू आपोआप खरा ठरत नाही. तो तपासावाच लागतो, आणि तसा तो गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं तपासला जातो आहे, मुख्यतः तो वापरणाऱ्यांकडूनच.

आधी एक किरकोळ दुरुस्ती. हे शिंपले नव्हेत. शिंपला मृदुकाय प्राण्याचा. इथे बोलतोय ते फोरामिनिफेरांबद्दल, या कामातले लोक त्यांना नुसतं ‘फोराम’ म्हणतात. एकपेशीय जीव. काही समुद्राच्या वरच्या थरात तरंगत जगतात, काही तळावर. अंगाभोवती कॅल्साइटचं, म्हणजे चुन्याचं, कप्प्याकप्प्यांचं घर बांधतात. मेले की ते घर तळाशी जातं आणि गाळात पुरलं जातं. खोल समुद्रात हा गाळ हजार वर्षांत काही सेंटिमीटर इतक्या संथपणे साठतो. तो गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुतला की चिखल निघून जातो आणि मागे बारीक पांढरी रेती राहते. तिच्यातला जवळजवळ प्रत्येक कण म्हणजे एक घर. काळ्या ट्रेवर ती पसरायची, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची आणि सगळ्यात बारीक कुंचल्याचं टोक ओलं करून एकेक कवच उचलायचं. एकाच जातीचं, एकाच आकाराचं. मी हे काम केलेलं आहे. दुसऱ्या दिवशी डोळे मिटले तरी गोगलगायीसारखी वेटोळी दिसत राहतात. शिंक आली तर मान फिरवायची, नाहीतर दुपारभराची मेहनत जमिनीवर.

आता पहिला मुद्दा: थर्मामीटर नव्हता.

ऑक्सिजनचे अणू सगळे सारख्या वजनाचे नसतात. बहुतेक १६ वजनाचे, पण साधारण पाचशेत एक १८ वजनाचा. हॅरल्ड युरी यांनी १९४७ साली गणिताने दाखवलं की पाण्यात चुन्याचं कवच बनताना जड ऑक्सिजन त्यात किती जाणार हे तापमानावर ठरतं. पाणी जितकं थंड, तितका जड ऑक्सिजन किंचित जास्त. हा परिणाम एका अंशाला दर हजारी ०.२ च्या थोडा वर. फार लहान, पण कवच फॉस्फरिक आम्लात विरघळवून निघालेला कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे वजनानुसार अणू-रेणू वेगळे करणाऱ्या यंत्रात, सोडला की दर हजारी ०.१ पेक्षाही लहान फरक कळतो.

हे नुसतं गणितच राहिलं असतं तर मजकूर लिहिणाऱ्याशी मी सहमत झाले असते. पण १९५१ साली युरी आणि सहकाऱ्यांनी एक बेलेम्नाइट घेतला. हा माकुळाचा डायनोसॉरकालीन नातलग. त्याच्या आतल्या चुन्याच्या कांडीवर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात. मधून बाहेर जात त्यांनी वर्तुळावर्तुळातला भुगा काढून मोजला. आकडे लाटेसारखे वर-खाली गेले. त्या प्राण्याने लहानपणानंतर तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले होते, असं त्यांतून निघालं. दहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका कांडीला ऋतू कोणी शिकवलेले नव्हते. थर्मामीटर तिथे होता. तो वाचणारा उशिरा आला एवढंच.

दुसरा मुद्दा, एकाच आकड्यातून हवा तो अर्थ, हा मजकुरातला सगळ्यात अर्धवट आणि म्हणून सगळ्यात उपयोगी मुद्दा आहे. कारण हा आक्षेप खरा होता. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ साली समुद्रगाळातल्या फोरामवरून हिमयुगांचा आलेख काढला आणि त्यातल्या चढउतारांचा मोठा भाग तापमानाचा धरला. अडचण अशी की हिमयुगात हलका ऑक्सिजन बर्फात अडकून जमिनीवर बसतो, म्हणून उरलेल्या समुद्राचं पाणीच जड होतं. कवचातला जड ऑक्सिजन वाढला तो थंडीमुळे की बर्फामुळे? एक आकडा, दोन कारणं.

केंब्रिजच्या निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ साली यावर जे उत्तर दिलं ते मला आजही फार आवडतं, कारण त्यात नवं यंत्र नाही, नुसता विचार आहे. तळावर जगणारे फोराम पाहा, ते म्हणाले. तळाचं पाणी आजच गोठणबिंदूच्या दोन-चार अंश वर आहे. हिमयुगात ते आणखी पाच-सहा अंश थंड झालं असं म्हणाल तर समुद्र तळापासून गोठला असता. तरीही तळाच्या फोराममधला चढउतार पृष्ठभागावरच्या फोरामइतकाच मोठा दिसतो. म्हणजे त्यातला बराचसा भाग बर्फाचाच असणार.

पुढे हे दुसऱ्या वाटांनी पडताळलं गेलं. बार्बाडोसच्या समुद्रात उथळ पाण्यातच वाढणारी प्रवाळं खोलवर मेलेली सापडली. रिचर्ड फेअरबँक्स यांनी १९८९ साली त्यांवरून सांगितलं की शेवटच्या हिमयुगाच्या शिखरावर समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. इतकं पाणी बर्फ होऊन जमिनीवर बसलं तर समुद्राचा ऑक्सिजन किती जड होईल याचा हिशेब करता येतो. आणि त्याहून भारी पुरावा: गाळाच्या कणांमधल्या फटींत हिमयुगातलं पाणी अजून आहे. पूर्ण शुद्ध नाही, वर-खालच्या पाण्यात मिसळत गेलेलं. पण गाभ्यात काही दहा मीटर खाली गेलं की ते जड पाणी अजून ओळखू येतं. डॅनियल श्रॅग यांनी ते मोजलं. बर्फाचा वाटा दर हजारी सुमारे १ निघाला. कवचाचा इथे संबंधच नाही, थेट पाणी.

शिवाय तापमानाला दुसरा साक्षीदारही आहे. कॅल्साइटमध्ये कॅल्शियमच्या जागी थोडं मॅग्नेशियम शिरतं, आणि तरंगणाऱ्या बऱ्याच जातींत अंशागणिक ते साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. बर्फ किती आहे याच्याशी मॅग्नेशियमला काही देणंघेणं नाही. त्याच कवचातून मॅग्नेशियमने तापमान काढायचं, ते ऑक्सिजनच्या आकड्यातून वजा करायचं, उरतं ते पाण्याचं. दोन अज्ञात, दोन समीकरणं, शाळेतलं बीजगणित.

आता बोरॉन. इथे मी रेंगाळणार आहे, कारण मजकुरात याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त खिल्ली आहे आणि लिहिणाऱ्याने प्रयोगशाळेचं दारही पाहिलेलं नाही हे इथेच कळतं.

समुद्राच्या पाण्यात बोरॉन दोन रूपांत असतं: बोरिक आम्ल, आणि विद्युतभार असलेलं बोरेट. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, वाढला की बोरेटचा वाटा वाढतो. पाणी आम्लाकडे झुकलं की बोरिक आम्लाचा. बोरॉनचे स्थिर अणूही दोन, १० वजनाचे आणि ११ वजनाचे. जड ११ ला बोरिक आम्लात राहणं जास्त मानवतं, बोरेटपेक्षा दर हजारी सुमारे २७ ने. आणि फोराम कवचात घेतात ते प्रामुख्याने बोरेट. त्यामुळे पीएच बदलला की बोरेटमधलं जड-हलक्याचं प्रमाण बदलतं आणि तेच कवचात कोरलं जातं. आजच्या समुद्राच्या आसपासच्या पीएचला ०.१ चा फरक म्हणजे कवचात साधारण दर हजारी १ चा फरक. चांगल्या प्रयोगशाळेची मोजणीतली चूक याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याची असते.

‘नगण्य’ हा शब्द मात्र खरा आहे. कवचात बोरॉन वजनाने दशलक्षात दहा भागांच्या आसपास. एका कवचाचं वजन धरा दहा मायक्रोग्रॅम. त्यातलं बोरॉन एका नॅनोग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याइतकं. दहा-वीस नॅनोग्रॅम हवं तर शंभर-दोनशे कवचं वेचावी लागतात. वर जी शिंक म्हणाले ती याच वेळची.

आणि धूळ? धुळीची भीती अगदी रास्त आहे. फक्त ती मजकुराने शोधलेली नाही. बोरॉन सगळीकडे असतं. प्रयोगशाळेतली नेहमीची काच बोरोसिलिकेट, म्हणजे काचेची भांडी बाद, सगळं टेफ्लॉनमध्ये. मग लक्षात आलं की ‘स्वच्छ खोली’ची हवा ज्या गाळण्यांतून येते त्यांचे धागेही बोरोसिलिकेट काचेचे असतात. म्हणजे हवा शुद्ध करणारं यंत्रच नमुन्यावर बोरॉन शिंपडत होतं! म्हणून या कामासाठी बोरॉनरहित गाळण्या बसवाव्या लागतात. कवचं आधी हलकेच फोडतात, कारण कप्प्यांत अडकलेल्या मातीतही बोरॉन असतं. मग पाण्याने पुन्हा पुन्हा धुणं, सेंद्रिय पदार्थ जाळायला हायड्रोजन पेरॉक्साइड, शेवटी अगदी सौम्य आम्लाची आंघोळ. माती खरंच गेली का ते ॲल्युमिनियम सांगतं. ॲल्युमिनियम हा मातीचा चहाडखोर. तो जास्त निघाला तर नमुना टाकून द्यायचा, मग त्यामागे कितीही दिवस गेलेले असोत.

त्यानंतर फक्त बोरॉनच धरून ठेवणाऱ्या राळेच्या एवढ्याशा नळीतून द्रावण सोडतात. प्रत्येक तुकडीबरोबर एक रिकामा नमुनाही असतो: त्यात कवच नाही, पण बाकी सगळे सोपस्कार तेच. त्यात निघालेलं बोरॉन म्हणजे ‘धूळ’. चांगल्या दिवशी ते शंभर पिकोग्रॅमच्या आत असतं, म्हणजे दहा नॅनोग्रॅमच्या नमुन्यात शेकडा एक. ते मोजलेलं असतं, म्हणून ते वजा करता येतं आणि त्याची अनिश्चितताही धरता येते. ज्या धुळीबद्दल मजकूर हसतो तिचा आकडा प्रत्येक दिवसाच्या वहीत लिहिलेला असतो.

यंत्रातही बोरॉनला चिकटून बसायची खोड. एक नमुना गेला तरी त्याचा अंश आतल्या भिंतींवर राहतो आणि पुढच्याच्या आकड्यात लुडबुडतो. म्हणून काही प्रयोगशाळा आत अमोनिया सोडतात, काही हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. नमुना, प्रमाणित द्रावण, नमुना, प्रमाणित द्रावण, असं आलटून पालटून मोजतात. आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांना एकाच प्रवाळाचा व एकाच महाकाय शिंपल्याचा भुगा मोजायला देऊन केलेली तुलना २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या उत्तरांतला फरक दर हजारी १ पेक्षा कमी होता. आकडे मनाने लिहिले असते तर इतके जवळ आले नसते.

पण माझ्या मते खरी परीक्षा वेगळीच. गेल्या ८ लाख वर्षांचा कार्बन डायऑक्साइड बर्फातल्या बुडबुड्यांत थेट मोजता येतो. हिमयुगांत १८० च्या आसपास, मधल्या उबदार काळांत २८० ते ३००. मग त्याच काळातले फोराम घ्यायचे, बोरॉनवरून पीएच काढायचा, त्यावरून हवेतला कार्बन डायऑक्साइड काढायचा आणि बर्फाच्या उत्तराशी ताडून पाहायचा. कवचांचे आकडे आपल्या चुकीच्या पट्ट्यासह त्याच लाटेवर बसतात. इथे समुद्राची निवडही महत्त्वाची. अरबी समुद्रात खालचं पाणी वर येतं आणि तो हवेला कार्बन डायऑक्साइड देत असतो. तिथल्या कवचावरून जगाची हवा सांगायला गेलात तर आकडा फुगणार. म्हणून ज्या भागात पाणी आणि हवा जवळपास समतोलात आहेत अशाच जागा निवडतात. अरबी समुद्राच्या कवचांतून बोरॉन मोजलेलं आहे, पण वेगळ्या प्रश्नासाठी: तिथलं खालचं पाणी केव्हा किती जोरात वर येत होतं ते पाहायला.

चौथा मुद्दा, कवचं बदलतात. हो, बदलतात. आणि या बदलाने एकेकाळी सगळ्यांना फसवलं होतं. सुमारे साडेचार-पाच कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी खूप उबदार होती, ध्रुवांवर बर्फाच्या मोठ्या चादरी नव्हत्या, हे इतर पुराव्यांवरून दिसत होतं. पण फोराम म्हणत होते की विषुववृत्ताजवळचा समुद्र १५ ते २३ अंशांचा, म्हणजे आजच्यापेक्षा थंड! हवामानाच्या प्रतिमानांना हे कोडं सुटेना. त्यावेळी सोपं होतं ते प्रतिमानांना दोष देणं, आणि तो दिलाही गेला.

पॉल पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली कवचांवरच संशय घेतला. समुद्रतळावर पडून राहिलेलं कवच हळूहळू विरघळतं आणि त्याच जागी तळाच्या थंड पाण्यात पुन्हा स्फटिक बनतं. आकार तोच, नक्षी तीच, पण ऑक्सिजन तळाचा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असं कवच दाणेदार दिसतं. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दह्यासारखं पांढरंफटक. पाणी आत न शिरू देणाऱ्या चिकणमातीत टिकलेलं कवच मात्र काचेसारखं, आरपार. तशी काचेसारखी कवचं त्यांना टांझानियात मिळाली, आणि त्यांनी तापमान दिलं किमान २८ ते ३२ अंश. कोडं सुटलं. लक्षात घ्या चूक कोणत्या बाजूला होती: बिघडलेल्या कवचांनी जुना उष्ण समुद्र थंड दाखवला होता. शास्त्रज्ञ ‘ताप वाढवून सांगतात’ या नेहमीच्या आरोपाच्या अगदी उलट. अनाग्नोस्टूंनी बोरॉनसाठी टांझानियाचीच माती का निवडली, तेही यातून समजेल.

पाचवा मुद्दा झटपट. जीव यंत्र नव्हेत हे मान्यच. काही फोरामच्या अंगावर शैवाल राहतात. उजेडात त्यांचं प्रकाशसंश्लेषण चालू झालं की कवचाभोवतीच्या पाण्याच्या पातळ थराचा पीएच बाहेरच्या पाण्यापेक्षा अर्ध्या अंकापर्यंत वर जातो. हे केसासारख्या बारीक विद्युतसुईने मोजलेलं आहे. होवर्ड स्पेरो यांच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसांकडून जिवंत फोराम बरणीत एकेक करून पकडवले, कारण जाळ्यात ते मोडतात. मग ठरावीक तापमानाच्या, ठरावीक पीएचच्या पाण्यात ते वाढवले आणि त्यांनी बांधलेल्या नव्या कप्प्यांत काय उतरलं ते पाहिलं. प्रत्येक जातीची खोड वेगळी, म्हणून प्रत्येक जातीचं सूत्र वेगळं. म्हणूनच एका नमुन्यात एकच जात, एकच आकार. वेचण्यात दुपार जाते ती यासाठी.

सहावा मुद्दा, वयांचा, थोडा नाजूक आहे. पृथ्वीची कक्षा आणि तिच्या अक्षाचा कल ठरावीक काळाने बदलत राहतात. गाळाचा आलेख या कक्षेच्या चक्रांशी जुळवून वयं ठरवायची आणि मग म्हणायचं की बघा, आलेखात कक्षेची चक्रं दिसतात, हे खरंच वर्तुळात फिरणं होईल. पण हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी १९७६ साली दक्षिण हिंद महासागरातल्या दोन गाभ्यांवर पहिली तपासणी केली तेव्हा वयं कक्षेशी जुळवलेली नव्हती. काही स्वतंत्र वयं आणि त्यांच्यामध्ये गाळ एका गतीने साठला एवढंच धरलं होतं. तरी साडेचार लाख वर्षांच्या नोंदीत २३ हजार, ४२ हजार आणि सुमारे १ लाख वर्षांची, म्हणजे कक्षेच्या हिशेबातलीच, चक्रं वर आली.

यापुढची गोष्ट मात्र वर्तुळाचा आरोप करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शेवटचं उलटं झालं त्याची खूण गाळातही असते आणि लाव्हातही. लाव्हातलं किरणोत्सारी पोटॅशियम हळूहळू आर्गॉन होतं, त्यावरून वय काढणाऱ्या पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने त्याचं वय ७ लाख ३० हजार वर्षं मानलं जात होतं आणि ते पाठ्यपुस्तकांतही होतं. शॅकल्टन, बर्जर आणि पेल्टियर यांनी १९९० साली फोरामचा आलेख कक्षेशी जुळवून सांगितलं की हे चूक आहे, वय ७ लाख ८० हजार असायला हवं. चिखलवाल्यांनी लाव्हावाल्यांना सुनावलं, तेही ५० हजार वर्षांच्या फरकाने! काही वर्षांतच सुधारित आर्गॉन पद्धतीने नवे लाव्हा मोजले गेले आणि उत्तर आलं ७ लाख ८० हजारांच्या आसपास. वर्तुळात फिरणारी पद्धत दुसऱ्या पद्धतीची चूक आधीच सांगू शकत नाही.

मला या कामावर हल्ला करायचा असता तर मी वेगळीकडे केला असता. तळावरचे किडे गाळाचा वरचा दहाएक सेंटिमीटर सतत उकरत असतात, त्यामुळे संथ गाळात शतकाशतकाचा फरक पुसला जातो. दशकांचं तर विसराच. नुसत्या पीएचवरून कार्बन डायऑक्साइड निघत नाही, पाण्याची अल्कलिनिटीही, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, धरावी लागते. आणि कोट्यवधी वर्षं मागे गेलं की समुद्राच्या स्वतःच्याच बोरॉनमधलं जड-हलक्याचं प्रमाण आजचं, प्रमाणित नमुन्यापेक्षा दर हजारी ३९.६ ने जास्त, राहत नाही. ते दुसऱ्या मार्गाने काढावं लागतं. त्या १४०० च्या मागे ४७० चं लटांबर आहे ते अशाच कारणांमुळे. हे आक्षेप मजकुरात नाहीत, कारण ते शोधायला मूळ लेख उघडावे लागतात. तिथे ते लेखकांनीच लिहून ठेवलेले आहेत.

उरला सातवा, ‘तरी जीवसृष्टी बहरली’. कवचांची साक्ष तुम्ही मागितलीच आहे तर पूर्ण ऐका. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी समुद्रात आणि हवेत काही हजार वर्षांत कार्बनचा प्रचंड लोट आला. जग ५ ते ६ अंशांनी तापलं, बोरॉनवरून दिसतं की पृष्ठभागाचा पीएच ०.३ च्या आसपास घसरला, आणि सावरायला दीड-दोन लाख वर्षं गेली. त्या लोटाचा वेग वर्षाला साधारण १ अब्ज टन कार्बनपर्यंत होता, असं २०१६ साली झीबे, रिजवेल आणि झाकोस यांनी काढलं. आज आपला वेग त्याच्या दसपट आहे. १४०० पीपीएमचा काळ याच्या काही दशलक्ष वर्षांनंतरचा. तिथवर जीव पोचले ते पिढ्यान् पिढ्या बदलत, काहींना मागे टाकून.

मागे कोण राहिलं तेही ट्रेमध्येच दिसतं. अंटार्क्टिकाजवळच्या ज्या गाभ्यात जेम्स केनेट आणि लॉवेल स्टॉट यांनी १९९१ साली ही घटना समस्थानिकांत पकडली, तिथे आणि जगभरच्या इतर गाभ्यांत खोल तळावरच्या फोरामच्या ३० ते ५० टक्के जाती त्या रेषेवर संपतात. ‘स्टेन्सिओइना बेकारीफॉर्मिस’ ही त्यातली एक. रेषेखालच्या गाळात ती जगभरच्या खोल तळावर भेटते. रेषेच्या वरचा गाळ कितीही धुतला, कितीही ट्रे पाहिले, तरी ती परत दिसत नाही.